सुवर्णगिरीचा शोध : खाण, शिला आणि शब्द

कृष्णा व तुंगभद्रा या नद्यांमधील रायचूर दुआब हा खडकाळ व अल्पवृष्टीचा प्रदेश. १९१५ साली निजामाच्या राज्यातील खाण-अभियंता सी. बीडन हा तेथे सोन्याच्या शोधात हिंडत असता मस्की येथील एका शिलेवर त्यास ब्राह्मी अक्षरे आढळली. तो लेख सम्राट अशोकाचा होता. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि टर्नरने सिंहली ग्रंथांच्या आधारे ‘पियदसि’ म्हणजे अशोकच हे दाखविले. परंतु ज्ञात लेखांत ‘अशोक’ हे नाव स्वतः कोठेच नव्हते. मस्कीच्या शिलेने ते पुरविले. पुढे गुजर्रा, निट्टूर इत्यादी ठिकाणच्या लेखांतही ते आढळले. सोने शोधणाऱ्यास शब्द सापडला, तो असा.

हा केवळ योगायोग होता काय, हा विचारार्ह प्रश्न आहे. ज्या भूपट्ट्यात मस्की वसले आहे, त्याच पट्ट्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. येथील अतिप्राचीन खडकांत गारेच्या शिरा असून त्यांत सोने विखुरलेले असते. १८८६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीस या राज्यात खनिजे शोधण्याचे हक्क मिळाले. तथापि अर्वाचीन शोधकांची खरी वाटाडी भूविद्या नसून जुन्या खाणकऱ्यांनी मागे ठेवलेले खड्डे व विवरे हीच होती. कोलार येथेही १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन यास सोन्याची वार्ता प्रथम ग्रामस्थांकडूनच मिळाली.

हट्टीच्या प्राचीन विवरांची खोली ६०० फुटांहून अधिक भरली. सुरुंगाची दारू नसता हे कसे साधले? खडकाशी अग्नी पेटवावयाचा, तप्त झालेला पाषाण पाणी ओतून तडकवावयाचा, सुटलेले तुकडे वर आणून दगडी उखळांत कुटावयाचे व तो चुरा पाण्याने धुऊन जड सुवर्णकण वेगळे काढावयाचे, अशी ही पद्धती होती. जुन्या विवरांतील लाकडाचे वय कार्बन-मापनाने सुमारे २००० वर्षे ठरले आहे. हा काळ अशोकानंतरचा आहे हे खरे. पण कोणताही खाणकरी प्रथमच इतक्या खोल उतरत नाही. वरच्या थरांतील काम त्याहून आधीचे असलेच पाहिजे. ते किती आधीचे, हे मात्र या लाकडावरून सांगता येत नाही.

येथे शब्दाची साक्ष पुढे येते. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथील अशोकलेखात, सुवर्णगिरीहून आर्यपुत्र व महामात्र यांनी इसिल येथील महामात्रांस आज्ञा पाठविल्याचा निर्देश आहे. मौर्यांच्या दक्षिणेकडील सत्तेचे केंद्र अशा रीतीने सोन्याच्या नावाने ओळखले जात होते. ते कोठे होते? मस्की, तिच्या दक्षिणेकडील कनकगिरी आणि कर्नूल जिल्ह्यातील जोन्नगिरी असे तीन प्रमुख दावेदार पुढे करण्यात आले आहेत.

यांपैकी कनकगिरीचा दावा अर्थसाम्यावर उभा आहे. परंतु ‘कनक’ हा संस्कृत शब्द देवस्थानांच्या नावांत कोणत्याही काळी येऊ शकतो. अर्थ जुळला म्हणून परंपरा सिद्ध होत नाही. जोन्नगिरीचा दावा ध्वनिसाम्यावर आहे. ‘सुवर्ण’पासून प्राकृतात ‘सुवण्ण’, ‘सोण्ण’ ही रूपे होतात व त्यांतूनच आपले ‘सोने’ आले. पण आद्य ‘स’काराचा ‘ज’कार का झाला, याचा नियम दाखविल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिवाय तेलुगूत ‘जोन्न’ म्हणजे जोंधळा हा सरळ अर्थ उपलब्ध आहेच. असे असूनही जोन्नगिरीच्या परिसरात सोने आहे, आणि जवळच एर्रगुडी येथील अशोकलेख १९२९ साली एका भूवैज्ञानिकाच्याच दृष्टीस पडले. म्हणजे व्युत्पत्ती दुर्बळ असूनही दावा सबळ राहतो.

याच्या उलट उदाहरण हट्टीचे. कन्नडात ‘हट्टि’ म्हणजे गुरांचा वाडा अथवा लहान वस्ती. जुने रूप ‘पट्टि’. आद्य ‘प’काराचा ‘ह’कार होण्याच्या याच नियमाने जुन्या ‘पोन्’चे कन्नडात ‘होन्नु’ झाले, आणि मराठीने ‘होन’ हा शब्द तेथूनच घेतला. ज्या नियमाने सोन्याचे नाव आपल्या नाण्यांपर्यंत पोहोचले, तोच नियम हट्टीच्या नावातही आहे. परंतु त्या नावात सोन्याचा मागमूस नाही. जेथे सोने विपुल निघाले तेथे नाव गुरांचे, आणि जेथे नाव सोन्याचे तेथे सोन्याची शाश्वती नाही!

यावरून स्थळनामे निरुपयोगी आहेत असे समजणे चुकीचे होईल. नाव हे चौकशीचे आरंभस्थान आहे, निर्णय नव्हे. सुवर्णगिरीच्या बाबतीत शिलालेखाचे सान्निध्य, जुन्या खाणींचा पुरावा आणि ध्वनिनियमांस मान्य असे नाव या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी निर्विवादपणे एकत्र आलेल्या नाहीत. म्हणून हा प्रश्न खुलाच ठेवणे योग्य.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी रायचूर व मराठवाडा हे एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. त्यामुळे हा प्रदेश मराठी अभ्यासकास परका नाही. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. हट्टीचे काम कर्नाटक शासनाच्या कंपनीकडे चालू आहे. तेथील जुनी विवरे नव्या कामाखाली नाहीशी होण्यापूर्वी त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे, आणि तितकेच अगत्याचे आहे ते भोवतालच्या शेतांची, टेकड्यांची व ओढ्यांची नावे गावकऱ्यांच्या तोंडून टिपून घेणे. गावाचे नाव बदलते, पण शेताच्या तुकड्याचे नाव पुष्कळदा टिकून राहते. हे काम भूवैज्ञानिकाचे नव्हे. ते आपले आहे.