मलम वाळते कसे?

माझ्या नातीने उन्हात लावायच्या मलमाची बाटली आणली. मलम अगदी पातळ. मला वाटले, दुधात पाणी घालतात तसे यातही घातले असावे! पण माझा तर्क चुकला.

दारांना तेलरंग देणारा रंगारी तुम्ही पाहिला असेल. रंग घट्ट झाला की तो त्यात टर्पेंटाइन घालतो. मग ब्रश कसा सरसर फिरतो. पुढे टर्पेंटाइन हवेत उडून जाते. रंग मात्र दारावर राहतो. या मलमाचेही तसेच आहे.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांनी कातडी भाजते, सुरकुतते. कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. हे किरण अडवणारी द्रव्ये बरीचशी तेलकट, नाही तर भुकटीसारखी असतात. नुसत्या तेलात कालवून लावली तर अंग चिकचिकते. मग कोण लावणार? म्हणून ती हलक्या द्रवात मिसळतात. विरघळवणाऱ्या द्रवाला विद्रावक म्हणतात.

एक विद्रावक तुमच्या ओळखीचा आहे. सुई टोचण्याआधी डॉक्टर स्पिरिट लावतात ना? कसं गार गार लागतं! स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. पुष्कळ मलमांत तसलेच अल्कोहोल असते. काहींत सिलिकोन जातीचा पातळ द्रव असतो. तोही उडतो, पण गार लागत नाही. हात रेशमासारखा गुळगुळीत होतो. द्रव उडाला की कातडीवर किरण अडवणारा पातळ थर उरतो.

इथेच माणूस फसतो. हलके लागते म्हणून थेंबभर लावतो. बाटलीवर ३० किंवा ५० असा आकडा असतो. तो आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावून काढतात. कमी लावले तर तेवढे रक्षण मिळत नाही. तोंडाला आणि मानेला दोन बोटे भरून मलम घ्या. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा. टोपी, पदर आहेतच.

आणखी एक. अल्कोहोल पेट घेते, बरं का! २०१२ साली अमेरिकेत फवारून लावायचे असे एक मलम कंपनीने बाजारातून परत घेतले. ते लावून विस्तवाजवळ गेलेले काही जण भाजले होते. तेव्हा मलम पुरते वाळेपर्यंत चूल, शेगडी, विडी यांपासून लांब राहा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, चिरलेल्या जागी लावू नका. फार चरचरते.

नात मलम लावते तेव्हा मी तिला चुलीपासून दूर, ओसरीवर बसवतो. ती हसते. हसू दे.