उसाच्या बेटावरील वाटणी

हिंदी महासागरातील मॉरिशस हा देश आपल्या लातूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे. तेथील गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, आणि ऊसमळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात. मराठी त्यांना शाळेत शिकावी लागते. गणेशचतुर्थीला मात्र साऱ्या देशास सुट्टी असते!

१९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ऊस आणि भराभर वाढणारी लोकसंख्या यांखेरीज या बेटाजवळ फारसे काही नव्हते. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात त्याचे भवितव्य काळोखेच रंगविले होते. हे भाकीत खोटे कसे ठरले, हे ऊस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाने जाणून घेण्याजोगे आहे.

१९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. हा भाव जागतिक बाजारापेक्षा बहुधा चढाच असे. सारा नफा मोजक्या मळेवाल्यांच्या तिजोरीत जाता. सरकारने मळे खालसा केले नाहीत. साखरेच्या निर्यातीवर कर बसविला, तो बड्यांकडून अधिक घेतला व लहान शेतकऱ्यास सवलत दिली. माझ्या मते खरी मेख येथेच आहे. सरकारी दवाखान्यात मोफत उपचार, प्रत्येक वृद्धास निवृत्तिवेतन आणि १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण, हा सारा भार अशाच महसुलाने पेलला. मळेवाल्यांनीही उरलेला पैसा कापड गिरण्यांत व हॉटेलांत घातला. गिरण्यांत हजारो स्त्रियांना प्रथमच पगार मिळाला.

वाटणी सर्वांपर्यंत पोहोचली असे मात्र नव्हे. गुलामांचे वंशज मागेच राहिले, आणि १९९९ च्या दंगलीत त्यांचा संताप उफाळला. साखरेचा हमीभावही २००९ मध्ये संपला. पण तोवर मजुरांची नातवंडे शिकून बाहेर पडली होती.

आपल्याकडे २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तरी मराठवाड्यात उसाचे फड व कारखाने उभेच आहेत. हंगाम आला की याच भागातील मजूर मुलाबाळांसह कोयता घेऊन परमुलखी जातात व मुलांची शाळा बुडते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत व तेवढीच भर शासनाने घालावी, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही त्याच वर्षी आली. साखरेतून शाळेकडे जाणारी ही वाट मॉरिशसच्याच जातीची आहे.