घरच्या छोट्या लेथला सीएनसी कसं करायचं? मोटर विकत घेण्याआधी हे समजून घ्या

तुमच्याकडे टेबलावर मावणारा छोटा लेथ असेल तर कधी ना कधी हा विचार डोक्यात येतोच: 'दोन हँडलंच तर फिरवायची आहेत. तिथे दोन मोटर लावल्या, कॉम्प्युटर जोडला, की झालं सीएनसी!' व्हिडिओमध्ये तसंच दिसतं. दहा मिनिटांत मोटर बसते, वायरी जोडल्या जातात आणि लेथ आपोआप चालू लागतो.

मोटर फिरवणं हा या कामातला सोपा भाग आहे. गाडी अडते ती लेथच्या स्वतःच्या ढिलाईवर. म्हणून आज आपण हे काम कोणत्या क्रमाने करायचं, कुठे पैसे घालायचे आणि कुठे जिवाला धोका आहे, ते नीट पाहूया.

आपण बोलतोय तो लेथ म्हणजे जगभरात 'मिनी लेथ' किंवा '७ बाय १४' या नावाने ओळखला जाणारा प्रकार. तो चीनमध्ये बनतो आणि देशोदेशी वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. बेडवर ७ इंच, म्हणजे साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरतो. दोन सेंटरच्या मध्ये १४ इंच, म्हणजे साधारण ३५० मिमी जागा मिळते. वजन ४० किलोच्या आसपास. भोसरी किंवा शिरोलीच्या शेडमधल्या जड लेथसमोर हे खेळणं वाटेल, पण ॲल्युमिनियम, पितळ आणि हलका कट घेतला तर माइल्ड स्टीलही यावर छान कापलं जातं.

सीएनसी केल्याने नक्की काय बदलतं?

लेथवर टूल दोन दिशांनी सरकतं. बेडच्या लांबीने, म्हणजे चककडे किंवा चकपासून दूर, ती झेड दिशा. जॉबच्या मध्याकडे किंवा बाहेर, ती एक्स दिशा. हाताने चालवताना आपण बहुतेक वेळा एका वेळी एकच हँडल फिरवतो. त्यामुळे सरळ टर्निंग आणि फेसिंग जमतं, पण गोल मूठ, लांब टेपर किंवा नक्षीदार आकार काढायचा तर दोन्ही हात एकदम अचूक चालावे लागतात. कॉम्प्युटर नेमकं हेच करतो. दोन्ही दिशा एकाच वेळी, हव्या त्या प्रमाणात सरकवतो. शिवाय एकसारखे ४० बुश काढायचे असतील तर चाळिसावा बुशही पहिल्यासारखाच यावा, हा फायदा आहेच.

पहिली पायरी: लेथचा 'प्ले' मोजा

हँडल एका दिशेने फिरवा, मग उलट फिरवा. सुरुवातीला हँडल फिरतं पण टूल हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्यातली ही मोकळी जागा म्हणजे प्ले, किंवा बॅकलॅश.

कसलेल्या टर्नरला याचा त्रास होत नाही, कारण त्याचा हात शिकलेला असतो. माप चुकून पुढे गेलं तर तो हँडल पुष्कळ मागे घेतो आणि पुन्हा त्याच दिशेने येऊन मापावर थांबतो. प्ले नेहमी एकाच बाजूला राहतो. कॉम्प्युटरला मात्र आकार काढताना मध्येच दिशा बदलावीच लागते.

उदाहरण घ्या. २५ मिमी व्यासाचा गोळा काढायचा आहे आणि क्रॉस स्लाइडमध्ये ०.१५ मिमी प्ले आहे. टूल गोळ्याच्या टोकापासून निघून फुगीर मध्यापर्यंत बाहेर बाहेर येतं, तिथपर्यंत सगळं ठीक. मध्याच्या पुढे टूलने परत आत जायला हवं. स्क्रू उलट फिरायला लागतो, पण पहिले ०.१५ मिमी प्ले भरण्यातच जातात. तेवढ्यात टूल झेड दिशेने जवळपास २ मिमी पुढे गेलेलं असतं. परिणाम? गोळ्याच्या पोटावर २ मिमी रुंदीचा सपाट पट्टा, आणि पुढचा सगळा भाग व्यासात ०.३ मिमी जाड. लक्षात ठेवा, एक्समधली चूक व्यासावर दुप्पट दिसते.

'सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश भरून काढता येतो ना?' येतो, पण अर्धाच. सॉफ्टवेअर दिशा बदलताना स्क्रू थोडा जास्त फिरवतं. मात्र टूल त्या मोकळ्या जागेत हलू शकतं ते शकतंच. जॉबने टूल आत ओढलं, उदाहरणार्थ पार्टिंग करताना, तर टूल धातूत घुसतं. अशा वेळी जॉब वाकतो किंवा टूल तुटतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावा. क्रॉस स्लाइड आणि कॅरेज दोन्हींचा प्ले मोजा आणि लिहून ठेवा. मग टूलपोस्ट हाताने पुढे-मागे ढकलून डायल किती हलतो तेही पाहा. तसा हलत असेल तर आधी स्लाइडच्या बाजूच्या जिब पट्ट्या घट्ट करून बसवा. ढिल्या स्लाइडवर महागडा स्क्रू लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

दुसरी पायरी: बॉल स्क्रू

साध्या स्क्रूमध्ये आटे एकमेकांवर घासतात. बॉल स्क्रूमध्ये नट आणि स्क्रू यांच्यामध्ये छोट्या पोलादी गोळ्या फिरत असतात. घर्षण खूप कमी आणि प्ले नगण्य. '१६०५' असा आकडा दिसला तर १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकणं, असा त्याचा अर्थ. छंदासाठी मिळणारे रोल्ड स्क्रू बहुतेक सी-७ दर्जाचे असतात. त्यात ३०० मिमी लांबीत ०.०५ मिमी इतकी चूक चालते. आपल्या कामाला हे पुरेसं आहे.

झेड दिशेला १६ मिमीचा स्क्रू सहसा बसतो. एक्स दिशेला क्रॉस स्लाइडखाली जागा फारच कमी असते. तिथे १२ मिमी किंवा त्याहून बारीक स्क्रू घ्यावा लागतो, आणि तरीही नट मावण्यासाठी सॅडल मिलिंग करून कापावं लागतं. तुमच्याकडे मिलिंग नसेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या जॉब शॉपकडून हे काम करून घेता येतं.

इथे तीन गोष्टी पाळा:

१. लेथ खोलण्याआधी लेथवरच करायचे सगळे भाग करून ठेवा. बेअरिंगचे हाउसिंग, स्पेसर, कपलिंग, पुल्या. एकदा लेथ खोलला की हे भाग करायला लेथच उरत नाही! हा घोळ ऐकायला विनोदी वाटतो, पण अर्धवट राहिलेली कित्येक कामं इथेच अडकतात.

२. नट स्क्रूवरून तसाच बाहेर काढू नका. आतल्या गोळ्या जमिनीवर सांडतील. त्याच मापाच्या नळीवर नट सरकवून काढा. स्क्रूचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्यामुळे टोकं टर्न करायची तर कार्बाइड टूल लागेल. ते नको असेल तर टोकं तयार करूनच मागवा.

३. स्क्रूचं एक टोक अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या जोडीत पक्कं बांधा. त्या बेअरिंगमध्येच प्ले राहिला तर बॉल स्क्रूचा काहीच उपयोग नाही.

तिसरी पायरी: मोटर आणि थोडं गणित

या आकाराच्या लेथला 'नेमा २३' मापाची स्टेपर मोटर बहुतेक लोक वापरतात. ही मोटर एका पूर्ण फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो असं धरलं, तर एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. ५ मिमीच्या स्क्रूवर हे झालं १ मिमीला ३२० पल्स, म्हणजे एका पल्सला साधारण ०.००३ मिमी.

हा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो फक्त सांगतो की किती बारीक हुकूम देता येतो. माप तितकंच अचूक येईल याची हमी तो देत नाही. ते पहिल्या दोन पायऱ्यांवर अवलंबून आहे.

दुसरा हिशोब जोराचा. १ न्यूटन-मीटर टॉर्क ५ मिमीच्या बॉल स्क्रूवर लावला तर टूल साधारण १,१०० न्यूटन जोराने ढकललं जातं. म्हणजे ११० किलोंपेक्षा जास्त वजनाचा दाब. कापायला हे भरपूर आहे. आणि मध्ये बोट सापडलं तर? तेव्हाही जोर तेवढाच असतो. साध्या स्टेपरला समोर धातू आहे की हात, काहीच कळत नाही.

तिला आणखी एक गोष्ट कळत नाही. जास्त भार आला आणि पावलं चुकली, तरी कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक चाललंय. म्हणून मोटर तिच्या मर्यादेच्या काठावर चालवू नका, वेग आणि प्रवेग कमीच ठेवा. ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंतचा असेल तर ३६ व्होल्टचा पॉवर सप्लाय पुरे. मोटर झटकन थांबते तेव्हा ती उलटी वीज सप्लायकडे ढकलते, त्यासाठी वर जागा शिल्लक हवी.

चौथी पायरी: आटे पाडायचे आहेत का?

कंट्रोलर निवडताना हा एकच प्रश्न आधी विचारा.

आटे पाडताना टूलचा वेग चकच्या फिरण्याशी बांधलेला असावा लागतो. १.५ मिमी पिचचा आटा म्हणजे चकच्या प्रत्येक फेऱ्याला टूल नेमकं १.५ मिमी पुढे. शिवाय आटा एका कटमध्ये होत नाही. सात-आठ कट घ्यावे लागतात आणि प्रत्येक कट अगदी त्याच कोनातून सुरू व्हावा लागतो. नाहीतर दुसरा कट पहिला आटा खाऊन टाकतो.

जुन्या लेथमध्ये हे काम गिअर करतात. गिअर काढले की त्यांच्या जागी स्पिंडलवर एन्कोडर लावावा लागतो. तो चक किती फिरला हे सांगतो, आणि दर फेऱ्याला एकदा 'इथून सुरुवात' असा वेगळा पल्स देतो. कट घेताना मोटर दबून चकचा वेग थोडा उतरला तरी टूलही तेवढंच हळू चालतं आणि आटा बिघडत नाही.

आर्डुइनो उनोवर चालणारं मूळ जीआरबीएल स्वस्त आणि सोपं आहे, पण त्यात आटे पाडण्याची सोय नाही. लिनक्ससीएनसी मोफत आहे आणि त्यात जी-३३ व जी-७६ हे आटे पाडण्याचे हुकूम आहेत. ते शिकायला वेळ लागतो, पण लेथसाठी तो वेळ वसूल होतो. त्यात जी-७ दिलं की एक्सचे आकडे व्यासात धरले जातात आणि जी-८ दिलं की त्रिज्येत. हे विसरलात तर २० मिमीच्या जागी १० मिमीचा जॉब हातात येईल.

पाचवी पायरी: वीज, इथे घाई नको

अनेक मिनी लेथच्या मूळ स्पीड बोर्डमध्ये स्पीडच्या नॉबकडे जाणाऱ्या वायरीही घरच्या २३० व्होल्टच्या लाइनपासून वेगळ्या केलेल्या नसतात. त्या छोट्या, निरुपद्रवी दिसतात. त्या थेट आर्डुइनोला किंवा कॉम्प्युटरला जोडल्या तर बोर्ड जळेल, आणि यूएसबीच्या वायरीतून ती वीज तुमच्या हातापर्यंत पोहोचू शकते. चकचा वेग प्रोग्रॅममधून बदलायचा असेल तर मध्ये आयसोलेटर बोर्ड हवाच. सुरुवातीला वेग हातानेच नॉबवर ठेवा, काही बिघडत नाही.

इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरवर सोडू नका. कॉम्प्युटर हँग झाला असेल तेव्हाच त्याची गरज पडते. बटण दाबताच कॉन्टॅक्टर सुटून स्पिंडल आणि मोटर दोन्हींची वीज तुटली पाहिजे. सर्किट 'नॉर्मली क्लोज्ड' ठेवा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. लाल बटण उभ्या जागेवरून, चकवरून हात न नेता दाबता आलं पाहिजे.

ड्रायव्हर आणि सप्लाय बंद पेटीत ठेवा. धातूची एक बारीक चिप आत पडली तरी शॉर्ट होतो. पेटी आणि लेथचा बेड दोन्हींना अर्थिंग द्या. आणि चकची चावी! हातलेथवर चालू करणारे तुम्हीच असता. सीएनसीवर प्रोग्रॅम चक फिरवतो. चावी चकमध्ये राहिली तर ती गोळीसारखी उडते.

पहिला प्रोग्रॅम जॉब न लावता, हवेत चालवा. मग लाकूड किंवा प्लॅस्टिक, मग ॲल्युमिनियम. स्टील सगळ्यात शेवटी.

मग करावं की नाही?

तुमचं काम मुख्यतः आटे पाडणं असेल आणि गिअर बदलायचा कंटाळा आला असेल, तर एक मधला मार्ग आहे: इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू. स्पिंडलवर एन्कोडर, लीडस्क्रूवर एक मोटर, आणि मध्ये छोटा कंट्रोलर. बटणावर पिच निवडायचा, बाकी लेथ पूर्वीसारखाच हाताने चालतो. सॅडल कापावं लागत नाही आणि मन बदललं तर गिअर परत लावता येतात.

पूर्ण सीएनसी केल्यावर मात्र 'पटकन एक वॉशर काढतो' ही सोय बरीचशी जाते. हँडल फिरवण्याच्या जागी की-बोर्ड येतो. घरात हा एकच लेथ असेल आणि रोज एखाद-दुसरा सुटा भाग काढायचा असेल, तर तो हातानेच चालू द्या. गोल आकार, टेपर किंवा एकसारखे अनेक भाग काढायचे असतील, तर जरूर करा.

दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण मोटरची ऑर्डर देण्याआधी एक काम या रविवारीच करून टाका: डायल गेज लावा आणि प्ले मोजा. प्ले ०.०२ मिमी निघाला तर तुमचा लेथ तयार आहे. ०.२ मिमी निघाला तर पहिले पैसे कुठे घालायचे ते तुम्हाला कळलंच.