ध्वनिमुद्रणाचे अक्षत संक्षेपण : पातळी आणि प्रामाण्य

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाला पुराव्याचे स्थान आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याची भिस्त लिपिबद्ध नमुन्यांवर होती. पुढे त्याच सर्वेक्षणास ग्रामोफोनच्या तबकड्यांची जोड मिळाली, आणि लिपीतून निसटलेले उच्चार ऐकण्याची सोय झाली. आज नागपूरच्या परिसरात वऱ्हाडी, झाडी, हलबी किंवा गोंडी बोलणाऱ्यांचे मुद्रण करणाऱ्या अभ्यासकापुढील अडचण निराळी आहे : मुद्रण सुलभ झाले, परंतु साठवणीस जागा पुरत नाही. सेकंदाला ४८,००० मापे व प्रत्येक मापास २४ बिट या मानाने एका ध्वनिग्राहकावर केलेले तासाभराचे मुद्रण ५१ कोटी ८४ लक्ष बाइट व्यापते.

ही जागा वाचविण्याचे दोन मार्ग आहेत. एमपी३सारख्या पद्धतीत कानास सहसा जाणवणार नाही असा अंश कायमचा वगळला जातो. सामान्य श्रोत्याचे त्यात काही बिघडत नाही. परंतु 'चार' (संख्या) आणि 'चारा' (गवत) यांतील दोन 'च'कारांचा भेद घर्षणाच्या उच्च कंप्रतांमध्ये मोजू पाहणाऱ्यास, वगळलेला अंश नेमका कोणता हे मागाहून सांगता येत नाही. दुसरा मार्ग अक्षत संक्षेपणाचा होय. त्यात आकार घटतो, पण उलगडल्यावर मूळ मापे जशीच्या तशी परत मिळतात.

याची रीत सोपी आहे. लागोपाठची मापे १००, १०४, १०८, ११३ अशी आहेत असे समजू. पहिल्या दोहोंतील वाढ पुढे चालू राहील असे धरल्यास तिसरे माप १०८ येते, चूक शून्य. त्याच न्यायाने चौथे ११२ येते, चूक एक. यंत्र आरंभीची मापे, भाकिताचा नियम आणि पुढील चुका एवढेच नोंदवते. लहान संख्यांना थोडे बिट पुरतात. जागा वाचते ती येथेच.

जोश कोल्सन यांनी २००१ साली सिद्ध केलेल्या फ्लॅक या पद्धतीच्या प्रचलित साधनात ० ते ८ अशा पातळ्या असून ५ ही गृहीत पातळी आहे. या आकड्यांविषयी एक गैरसमज आढळतो : पातळी वाढली की ध्वनीची हानीही वाढते. एमपी३मधील बिटमान उतरविल्याने ध्वनी खालावतो, हा अनुभव येथे चुकीने लावला जातो. वस्तुतः फ्लॅकची पातळी हे केवळ श्रमाचे माप आहे. पाचव्या पातळीवर भाकितासाठी मागील आठपर्यंत, तर आठव्या पातळीवर बारापर्यंत मापे विचारात घेतली जातात आणि अधिक पर्याय पडताळले जातात. वेळ अधिक लागतो, आकार किंचित घटतो. उलगडलेला ध्वनी दोन्हींत एकच असतो.

आकारावर याहून मोठा परिणाम मुद्रणाच्या परिस्थितीचा होतो. गोंगाटाचे भाकीत करता येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून घेतलेली मुलाखत, शांत खोलीतल्या तेवढ्याच लांबीच्या मुलाखतीहून, संक्षेपणानंतरही अधिक जागा व्यापते. 'डोळा'चा 'डोया' होताना ऐकू यावा म्हणून कूलर बंद करणे इष्ट आहेच. त्यायोगे जागाही वाचते.

संग्रहासाठी व्यवहार्य धोरण यातूनच निघते. दैनंदिन कामास पाचवी पातळी पुरेशी आहे. आठवी पातळी वेळ हाताशी असेल तेव्हा वापरावी. फ्लॅक धारिकेत मूळ ध्वनीची एमडी५ ही अंकमुद्रा नोंदविता येते. ती पडताळून पाहिल्यावाचून मूळ धारिका पुसू नये. या स्वरूपाचे प्रमाणित वर्णन डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध झाल्याने, आजचे साधन उद्या लुप्त झाले तरी नवे रचता येईल. राहिला प्रश्न वाचलेल्या जागेचा. ती नव्या मुद्रणांनी भरण्यापूर्वी जुन्यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याकडे लावावी. कारण बोलणारी व्यक्ती निवर्तल्यावर तिचा उच्चार पुन्हा मुद्रित करता येत नाही.