सौर छपराचे बिल वाचताना

छपरावर सौर पॅनेल बसवलेल्या घरातून पहिल्या दोन महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. समजा, मोबाइलवरचे इन्व्हर्टरचे ॲप सांगते की महिन्याभरात 360 युनिट तयार झाली. बिल मात्र म्हणते की ग्रिडला 230 युनिट मिळाली. मग मधली 130 युनिट गेली कुठे? पॅनेल बसवून देणारा ठेकेदार वीज कंपनीकडे बोट दाखवतो, कार्यालयातला कर्मचारी ॲपकडे. ग्राहकाला वाटते, आपली वीज कुणीतरी खाल्ली.

ती कुणीच खाल्लेली नसते. ती त्याच घरात वापरली गेलेली असते.

नेट मीटर घर आणि ग्रिड यांच्या सीमेवर बसतो. सीमा ओलांडून आत येणारी वीज म्हणजे इंपोर्ट आणि बाहेर जाणारी म्हणजे एक्स्पोर्ट. दुपारी बारा वाजता छपरावर 2 किलोवॅट वीज तयार होत आहे आणि फ्रिज, पंखे व पाण्याची मोटर मिळून दीड किलोवॅट ओढत आहेत, असे धरू. अशा वेळी बाहेर जातो तो फक्त अर्धा किलोवॅट. उरलेला दीड किलोवॅट छपरावरून थेट या उपकरणांत जातो आणि नेट मीटरला तो दिसतच नाही. तो दिसतो इन्व्हर्टरजवळच्या वेगळ्या जनरेशन मीटरला.

म्हणजे आकडे तीन आहेत आणि एकटा कुठलाही आकडा पुरेसा नाही. निर्मितीतून एक्स्पोर्ट वजा केला की घरात थेट वापरलेली सौर वीज मिळते: 360 वजा 230, म्हणजे 130. त्यात ग्रिडवरून घेतलेली वीज मिळवली की घराचा खरा वापर कळतो. इंपोर्ट 180 युनिट असेल, तर हा वापर 310 युनिट झाला. हा आकडा बिलावर ठळकपणे कुठेच छापलेला नसतो. तो ग्राहकालाच काढावा लागतो आणि दर महिन्याला काढावाच. पॅनेल आल्यावर घरातला वापर हळूच वाढतो, एसी जास्त वेळ चालतो, गीझर चालू राहतो, आणि बिल वाढले की दोष मात्र मीटरला दिला जातो.

मीटर वाचणे अवघड नाही. अनेक मीटरांच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने सरकतात. 1.8.0 या संकेतांकाबरोबर येणारा आकडा एकूण इंपोर्टचा असतो आणि 2.8.0 बरोबरचा एकूण एक्स्पोर्टचा. काही मीटरांवर संकेतांकांऐवजी बाण किंवा इंग्रजी आद्याक्षरे असतात. दोन्ही आकडे मीटर बसल्यापासून साठत आलेले असतात, त्यामुळे महिन्याचा हिशेब म्हणजे चालू रीडिंग वजा मागील रीडिंग. एक सोपी तपासणी कुणालाही करता येते. सूर्य मावळल्यावर 2.8.0चा आकडा लिहून ठेवावा आणि पहाटे उजाडण्यापूर्वी पुन्हा पाहावा. फक्त पॅनेल बसवलेल्या घरात तो रात्रीतून हलता कामा नये.

इथे एक धोका मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. घरोघरचे बहुतेक साधे इलेक्ट्रॉनिक मीटर उलट्या दिशेने जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. वायर उलट्या जोडून होणारी वीजचोरी रोखण्यासाठी ती सोय केलेली आहे. स्मार्ट मीटरमध्येही दोन पद्धती असतात: एकीत फक्त वापर मोजला जातो, दुसरीत इंपोर्ट आणि एक्स्पोर्ट वेगवेगळे. नेट मीटर बसण्याआधीच उत्साहाने पॅनेल सुरू केले, किंवा नवा मीटर पहिल्याच पद्धतीवर राहिला, तर ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे ग्राहकाकडूनच वसूल होतात. ‘मीटर येईपर्यंत चालवा, काही होत नाही’ असे सांगणाऱ्या सोलरवाल्याचे म्हणूनच ऐकू नये.

आता बिलाकडे. वरच्या उदाहरणात इंपोर्ट 180 आणि एक्स्पोर्ट 230, म्हणजे 50 युनिट ग्राहकाच्या नावावर जमा राहिली. त्या महिन्यात आकारणीसाठी शून्य युनिट. तरीही बिल शून्याचे येत नाही. स्थिर आकार हा जोडणीचा असतो, वापराचा नव्हे. तो आणि त्यावरचे वीज शुल्क द्यावेच लागते. जाहिरातींत ‘शून्य बिल’ म्हणतात तेव्हा ही ओळ गाळलेली असते. पुढे जुलै आला, ढग दाटले, निर्मिती पडली. इंपोर्ट 240, एक्स्पोर्ट 90, फरक 150. त्यातून जमा 50 वजा होतात आणि आकारणी फक्त 100 युनिटवर होते. जमा युनिटची ओळ नेट मीटरच्या बिलावर बँकेच्या पासबुकातल्या शिलकेसारखी दर महिन्याला जुळवून पाहावी.

ही शिल्लक कायमची मात्र नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019च्या विनियमांनुसार नेट मीटरिंगचा हिशेब आर्थिक वर्षाचा आहे. 31 मार्चला उरलेली युनिट वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. हा दर ग्राहक स्वतः विजेसाठी मोजतो त्यापेक्षा कमी असतो. महाराष्ट्राच्या हवामानात याला मोठा अर्थ आहे. एप्रिल-मेच्या उन्हात साठलेली युनिट पावसाळ्यात पूर्ण किमतीने कामी येतात. फेब्रुवारी-मार्चची शिल्लक मात्र नव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच स्वस्तात निघून जाते. दर मार्चला मोठी शिल्लक उरत असेल, तर घराला लागतात त्यापेक्षा जास्त पॅनेल बसले आहेत, हे उघड आहे.

किती किलोवॅट बसवायचे, याचे उत्तर खरे तर जुन्या बिलातच असते. एका किलोवॅटपासून महिन्याला सरासरी सुमारे 120 युनिट मिळतात. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर चढत जातात. महिना 350 युनिट वापरणाऱ्या घराने 2 किलोवॅट बसवले, तर आकारणीची युनिट 110वर येतात. वाचलेल्या 240 युनिटपैकी 50 तिसऱ्या टप्प्यातली आणि 190 दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे सगळी महागडी. तिसरा किलोवॅट घेतला, तर वाचतात ती मुख्यतः पहिल्या टप्प्यातली स्वस्त युनिट. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेचे अनुदानही असेच उतरते आहे: पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000 आणि त्यापुढे काही नाही, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. वापर वाढणार नसेल, विजेवरची गाडी किंवा इंडक्शन शेगडी यायची नसेल, तर अशा घराला दोन किलोवॅट पुरतात. जास्त विकण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याच्या सल्ल्यावर हा निर्णय सोपवू नये.

स्मार्ट मीटरमुळे यात आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे वेळ. महावितरण ज्यांना टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर म्हणते, ते दर 15 किंवा 30 मिनिटांचा वापर नोंदवून ठेवतात. 1 जुलै 2025पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली. एकूण दिशा स्पष्ट आहे: दुपारची वीज स्वस्त होत जाणार आणि संध्याकाळची महाग. दुपारी तयार झालेले युनिट आणि रात्री आठला घेतलेले युनिट यांची किंमत कायम सारखीच राहील, असे गृहीत धरून कुणी गुंतवणुकीचे गणित मांडू नये. आयोगाचे आदेश बदलत राहतात, म्हणून दर आपल्या ताज्या बिलावरचेच घ्यावेत. कपडे धुण्याचे यंत्र, मोटर आणि गीझर उन्हाच्या वेळेत चालवणे मात्र कुठल्याही आदेशात फायद्याचेच ठरते.

निर्मितीच कमी दिसत असेल, तर कारण बहुधा मीटरबाहेर असते. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात ते 60 अंशांच्या पुढे तापते आणि दर अंशामागे साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. वीज गेली की भरदुपारीही बॅटरी नसलेली यंत्रणा बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. गावाकडे आणखी एक प्रकार होतो. एकाच रोहित्रावर बरीच पॅनेल असली की दुपारी व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढते आणि इन्व्हर्टर थोडा वेळ थांबतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी सप्टेंबर 2024मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. अशी गावे वाढतील, तसे रोहित्रांकडेही लक्ष द्यावे लागेल.

एवढे तपासूनही आकडे जुळत नसतील, तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची, असे त्यात म्हटले आहे. हा हक्क फार थोडे लोक मागतात. तो लेखी मागावा, अर्जाची पोच घ्यावी आणि सोबत दर महिन्याच्या एकाच तारखेला काढलेले तिन्ही आकड्यांचे फोटो जोडावेत.