‘पाय’ लावा अन् घरबसल्या बिटकॉइन कमवा? पैसे गुंतवण्याआधी हा विजेचा हिशेब बघाच

छोट्या कॉम्प्युटरवर मायनिंग होतं हे खरं, पण हातात पडतात ते पैसे की पैशाचा भास? सोप्या भाषेत सविस्तर माहिती

तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी. तिला मोबाईलच्या चार्जरसारखा चार्जर जोडायचा, मेमरी कार्ड घालायचं, इंटरनेट द्यायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं. रात्रंदिवस ती बिटकॉइन ‘खणत’ राहणार आणि पैसे खात्यात जमा होणार. यूट्यूबवर ‘रास्पबेरी पाय मायनिंग’ असं शोधलं की अशा अर्थाचे कितीतरी व्हिडिओ समोर येतात.

बारावी झालेल्या पोरानं असा व्हिडिओ बघून वडिलांकडे सहा हजार रुपये मागितले, तर वडिलांनी काय करावं? पोरगं खोटं बोलत नाही. ती पाटी खरोखर मिळते, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्क्रीनवर आकडे पळतानाही दिसतात. फक्त त्या आकड्यांचे रुपये किती होतात, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. तोच हिशेब इथे मांडला आहे.

ही पाटी आहे तरी काय?

रास्पबेरी पाय हा एकाच पाटीवर बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे तो तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. शाळेतल्या मुलांना स्वस्तात कॉम्प्युटर शिकता यावा, हा त्यामागचा हेतू. टीव्ही, कीबोर्ड आणि माऊस जोडला की त्यावर इंटरनेट चालतं, टायपिंग होतं, प्रोग्रामिंग शिकता येतं. वीज अगदी कमी लागते. ‘पाय ४’ हे मॉडेल पूर्ण जोरात चाललं तरी साधारण ५ वॅट खातं, म्हणजे एका लहान एलईडी बल्बएवढं.

कमी वीज लागते म्हणूनच ‘मायनिंगला हेच बरं’ असं अनेकांना वाटतं. गफलत इथूनच सुरू होते.

मायनिंग म्हणजे खोदकाम नाही, अंदाज लावणं

बिटकॉइन ही कोणत्याही बँकेची किंवा सरकारची नोट नाही. ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने कुणीतरी २००८ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झालं. कुणी कुणाला किती दिले, याची एक मोठी खतावणी जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली असते. साधारण दर दहा मिनिटांनी तिच्यात एक नवं पान जोडलं जातं. या पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात.

पान जोडण्याचा मान मिळवायचा तर एक आकडा शोधावा लागतो. पानावरचा मजकूर आणि तो आकडा एका ठराविक गणितातून काढला की उत्तराच्या सुरुवातीला बरीच शून्यं यायला हवीत. या गणिताला पळवाट नाही. एक आकडा टाकून बघायचा, जमला नाही तर दुसरा, मग तिसरा. ज्याचा आकडा आधी लागतो त्याला बक्षीस मिळतं. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे, शिवाय व्यवहारांची थोडी फी. सुरुवातीला ते ५० बिटकॉइन होतं. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मं होत जातं.

भिशीच्या चिठ्ठीसारखं समजा. मडक्यात ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्याचं नाव निघण्याची शक्यता जास्त. इथे प्रत्येक अंदाज ही एक चिठ्ठी.

पाय ४ सेकंदाला जास्तीत जास्त एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या टाकू शकतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण २०२५ मध्ये जगभरातल्या यंत्रांची मिळून ताकद सेकंदाला एकावर एकवीस शून्य इतक्या अंदाजांपर्यंत गेली. म्हणजे मडक्यात शंभर लाख कोटी चिठ्ठ्या असतील, तर त्यात आपली एक.

एका ब्लॉकसाठी १९० कोटी वर्षं

वर्षाला साधारण ५२ हजार ५०० ब्लॉक निघतात. त्या हिशेबाने एकट्या पायला एक ब्लॉक लागायला सरासरी १९० कोटी वर्षं लागतील. डायनासोर संपून अजून सात कोटी वर्षंही झालेली नाहीत.

‘एकट्यानं नाही, पूलमध्ये करायचं’ असं यावर सांगितलं जातं. पूल म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन चिठ्ठ्या टाकायच्या आणि बक्षीस लागलं की ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वाटून घ्यायचं. तोही हिशेब करून बघू.

रोज निघणारे १४४ ब्लॉक आणि प्रत्येकी ३.१२५, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन वाटले जातात. बिटकॉइनच्या सर्वात लहान भागाला ‘सातोशी’ म्हणतात. एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात. पायच्या वाट्याला एक सातोशी यायला सुमारे ६ वर्षं लागतात. बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरला, तर एका सातोशीचे होतात १० पैसे.

आता वीज बघा. ५ वॅट चोवीस तास चालले की ०.१२ युनिट. महिन्याला ३.६ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याचे २९ रुपये, सहा वर्षांचे दोन हजारांच्या वर. म्हणजे दोन हजार रुपयांची वीज जाळून हाती येणार १० पैसे. पाटीची किंमत यात धरलेलीच नाही.

‘दुसरं कॉइन काढू’ म्हणणाऱ्यांसाठी

थोडी माहिती असलेली पोरं म्हणतात, बिटकॉइन सोडा, मोनेरो काढू. यात तथ्य आहे. मोनेरोचं गणित नोव्हेंबर २०१९ पासून असं केलेलं आहे की साध्या कॉम्प्युटरलाही त्यात भाग घेता यावा. पण ‘भाग घेता येतो’ म्हणजे ‘पैसे सुटतात’ असं नाही.

मोनेरोच्या गणितात पाय ४ सेकंदाला साधारण शंभर अंदाज लावतो. जगाची एकूण ताकद सेकंदाला पाच अब्ज धरू. दिवसाला सगळ्यांना मिळून ४३२ मोनेरो वाटले जातात. एका मोनेरोचा भाव २५ हजार रुपये धरला तर पायची कमाई दिवसाला २२ पैसे होते. विजेचा खर्च दिवसाला ९६ पैसे. म्हणजे रोज ७४ पैशांचा तोटा.

शिवाय बहुतेक पूलमध्ये ठराविक रक्कम साठल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. मोनेरो विकणंही सोपं राहिलेलं नाही. बायनान्ससारख्या मोठ्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा व्यवहार बंद केला.

‘आमच्याकडे सोलर आहे, वीज फुकट’

हा प्रश्न हमखास येतो. ठीक आहे, वीज शून्य धरू. मोनेरोची कमाई महिन्याला साडेसहा रुपये, वर्षाला ८० रुपयेही नाही. पाटी, चार्जर, मेमरी कार्ड आणि डबी मिळून सहा हजार खर्च झाला असेल, तर तो वसूल व्हायला ७५ वर्षांच्या वर लागतील. तोवर ते मेमरी कार्डसुद्धा टिकत नाही.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर मोठी यंत्रं लावण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाकावा. ज्या कामासाठी कनेक्शन दिलं त्याशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. मायनिंगची खास यंत्रं एकेक साडेतीन हजार वॅटपर्यंत वीज खातात, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. घरगुती मीटरवर ५०० युनिटचा टप्पा आठवड्याच्या आतच ओलांडला जातो आणि पुढची वीज सर्वात महाग दराने मोजावी लागते.

मग लोकांनी कमावले कसे?

कमावले, हे खोटं नाही. २००९-१० मध्ये घरच्या साध्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन निघत होते. तेव्हा भाव इतका कमी होता की मे २०१० मध्ये अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी १० हजार बिटकॉइन दिले. नंतर लोकांनी गेम खेळायची ग्राफिक कार्डं लावली आणि २०१३ पासून फक्त याच कामासाठी बनवलेली यंत्रं बाजारात आली. ती यंत्रं दुसरं काहीच करत नाहीत, पण हे एक काम पायपेक्षा कोट्यवधी पट वेगाने करतात.

म्हणजे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय बाजारात आला तेव्हाच गाडी स्टँडवरून सुटलेली होती. त्या काळात काहींनी पायला मायनिंगसाठी वापरलं, पण ते मुकादम म्हणून. खरं काम यूएसबीला जोडलेली छोटी खास यंत्रं करायची, पाय त्यांच्यावर देखरेख ठेवायचा. जुने फोटो आणि व्हिडिओ बघून ‘पायनं बिटकॉइन काढले’ असा समज होतो तो यामुळेच.

जास्त लोक आले म्हणून बिटकॉइन जास्त निघत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, गणित किती अवघड ठेवायचं हे आपोआप ठरतं. ताकद वाढली की गणित अवघड होतं. वाटप तेवढंच, खाणारी तोंडं जास्त.

नाव सारखं, पण गोष्ट वेगळी

मोबाईलवर चालणारं ‘पाय नेटवर्क’ नावाचं ॲप वेगळं आहे. मार्च २०१९ मध्ये ते सुरू झालं. दिवसातून एकदा बटण दाबायचं आणि ‘मायनिंग चालू’ असं दिसतं. रास्पबेरी पायशी त्याचा काही संबंध नाही आणि बटण दाबल्यावर फोनवर बिटकॉइनसारखं गणितही चालत नाही. दोन्ही नावं एकत्र करून कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं.

फोनवरच खरं मायनिंग करणारी ॲप गुगल प्ले आणि ॲपल या दोघांनीही २०१८ मध्येच बंद केली. त्यामुळे ‘आमची यंत्रं परदेशात आहेत, तुम्ही फक्त पैसे भरा’ असं सांगणाऱ्या योजना पुढे आल्या. महाराष्ट्राने याचा चटका घेतलेला आहे. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं गेल्याचा आरोप आहे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. ईडीने गोळा केलेल्या रकमेचा आकडा सुमारे ६,६०० कोटी रुपये सांगितला आहे.

साधी खूण एकच. मायनिंगमध्ये रोज किती मिळेल हे खुद्द यंत्राच्या मालकालाही नक्की सांगता येत नाही. भाव बदलतो, गणिताची अडचण बदलते. म्हणून जो ‘दरमहा इतके टक्के नक्की’ म्हणतो, तो मायनिंग करत नसून नव्या माणसाचे पैसे जुन्याला देत असण्याचीच शक्यता जास्त. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

कायदा आणि कर

भारतात क्रिप्टो जवळ ठेवण्यावर बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर लागतो. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपुढच्या व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरला जाणार नाही, असं अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं.

पोराला नाही म्हणायचं का?

पाटीला नाही म्हणायची गरज नाही, फक्त कारण बदलायला हवं. याच सहा हजारांत पोरगं लिनक्स आणि पायथॉन शिकू शकतं. कांदाचाळीत किंवा पोल्ट्री शेडमध्ये तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावून मोबाईलवर इशारा मिळवू शकतं. विहिरीवरच्या मोटरीवर कॅमेऱ्याने नजर ठेवू शकतं. मायनिंग कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर दोन दिवस चालवून बघायलाही हरकत नाही. दोन रुपयांच्या विजेत तो धडा मिळतो. फक्त त्याला धडा म्हणावं, धंदा म्हणू नये.

वडिलांनी पैसे देण्याआधी पोराला वही-पेन घेऊन बसवावं आणि तीन आकडे लिहायला लावावेत: दिवसाची कमाई किती, दिवसाची वीज किती, पाटीचे पैसे किती वर्षांत फिटणार. हे तीन आकडे ज्याला स्वतः मांडता आले, त्याला मायनिंगच्या नावाने फसवणं सोपं राहत नाही.