दोन चौकोनांची पट्टी

दर महिन्याच्या ९ तारखेला देशभरातील सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची रांग लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’चा तो दिवस. उत्तर प्रदेशातील एका केंद्रात अशाच एका सकाळी मी उभा होतो. परिचारिका लघवीच्या प्रत्येक बाटलीत पट्टी बुडवीत, तिच्यावरील दोन चौकोनांचे रंग पाहत आणि वहीत नोंद करीत : अल्ब्युमिन, साखर. मग नमुना ओतून दिला जाई. त्यात जंतू आहेत का, हे कोणी पाहत नव्हते. पट्टीवर त्यासाठी चौकोनच नव्हता.

सुमारे २ ते १० टक्के गर्भवतींच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जीवाणू वाढत असतात. जळजळ नाही, ताप नाही, म्हणून तक्रारही नाही. उपचार झाले नाहीत, तर जुन्या अभ्यासांनुसार त्यांच्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो आणि अकाली प्रसूतीची भीती वाढते.

मग पट्टीवरचे चौकोन वाढवले की झाले, असे मलाही आधी वाटले होते. तशा पट्ट्या बाजारात मिळतात; त्यांतील एक चौकोन नायट्राइट दाखवतो, दुसरा पांढऱ्या पेशींतील विकर. परंतु नायट्रेटचे नायट्राइट करण्यास जीवाणूंना मूत्राशयात सुमारे चार तास लागतात, आणि गरोदर बाईला तेवढा वेळ लघवी रोखून धरणे कठीण. एन्टेरोकोकससारखे जीवाणू तर नायट्राइट सहसा करीतच नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांत कल्चरला पहिली पसंती दिली. ते शक्य नसेल तेथेही पट्टीऐवजी ग्रॅम रंजन सुचवले.

कल्चरची खरी अडचण रस्त्यात आहे. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला नाही आणि थंडही ठेवला नाही, तर जीवाणू वाटेतच वाढतात व निरोगी स्त्रीही आजारी ठरते. बोरिक आम्लाच्या नळीत तो दिवसभर टिकतो. ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे.

सर्वांचीच अशी चाचणी करावी, असे मात्र मी म्हणणार नाही. लक्षणे नसलेल्या वृद्धांच्या लघवीतील जीवाणूंवर औषधे देणे म्हणजे बहुधा प्रतिजैविकांची उधळपट्टीच, आणि ती आपल्याला परवडणारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यातील अहवालांत या संसर्गाचा मुख्य कारक ई. कोलाय हा अनेक नेहमीच्या औषधांना दाद देत नसल्याचे वर्षानुवर्षे दिसते. गरोदरपणात वापरता येणारी औषधे आधीच मोजकी. त्यांतले कोणते चालेल, हे कल्चरच सांगते.

राहतो तो अहवालाचा प्रश्न. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पुढली ९ तारीख महिन्याने उजाडते. मधल्या काळात तो निष्कर्ष गावातल्या आशा कार्यकर्तीपर्यंत कोणी पोहोचवायचा, हे राज्यांच्या आदेशांत नावानिशी लिहिले जायला हवे. त्या केंद्रातल्या वहीत तर अजून त्यासाठी रकानाही नाही.